व्हॅलेन्सियाची पंगत आणि झाडीपट्टीचा भात

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील गोठणगांवाजवळ, गाढवी नदीला बांध घालून पाणी अडविलेलें आहे. या धरणाला इटियाडोह म्हणतात. १९७० सालीं बांधून झालेल्या या धरणाचें पाणी कालव्यांनीं उतरून गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांत शिरतें. मृगाच्या पावसावर टाकलेले पऱ्हे वीतभर वाढले म्हणजे रोवणीचे दिवस येतात, आणि नेमका त्याच वेळीं पाऊस पाठ फिरवितो, हा या भागाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. अशा वेळीं ज्याच्या शेताला पाट आहे तो चिखलांत उतरतो, आणि ज्याला नाहीं तो आभाळाकडे पाहत बांधावर बसतो. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. येथें जेवण म्हणजे भात. भाकर ही पाहुणी; भात हा घरचा.

आतां शहरांतील चित्र पाहावें. मुंबई-पुण्याकडील सुखवस्तु मंडळींत परदेशी पदार्थांची हौस वाढली आहे आणि ‘अस्सल स्पॅनिश भोजन’ हे शब्द त्यांच्या कानांना नवे राहिलेले नाहींत. अशा भोजनांत मोठ्या थाटानें पुढें येणारा पदार्थ कोणता? तर केशर घातलेला भात! व्हॅलेन्सिया प्रांताचा हा पाएया नांवाचा भात स्पेनच्या अन्नाचा जणूं ध्वज होऊन बसला आहे. झाडीपट्टींतला एखादा शेतकरी त्या मेजाशीं जाऊन बसला, तर त्याला प्रथम आश्चर्य वाटेल आणि मग हंसूं येईल. एवढ्या लांबचा पाहुणा म्हणून ज्याचें कौतुक चाललें आहे तो त्याच्या ओळखीचाच निघाला! परंतु या ओळखींत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एखादें अन्न ‘अस्सल’ आहे असें आपण म्हणतों तेव्हां तें नेमकें कोणाचें असतें? पिकविणाऱ्याचें, रांधणाऱ्याचें, कीं ज्याच्या पाण्यानें तें पिकलें त्याचें? स्पेनच्या भाताचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार उपयोगी पडतो, आणि तें उत्तर शेवटीं इटियाडोहच्या परिसरांत येऊन थांबतें.

भात हें मुळांत आशिया खंडांतील पावसाळी प्रदेशांचें धान्य. तेथून तें इराण, इराक व इजिप्त या देशांत हळूहळू पसरलें. झाडीपट्टीचाच दाणा स्पेनला गेला असें अर्थातच कोणीं म्हणूं नये. पण ज्या पूर्वेकडून तो गेला तिच्यांत आपलाही वांटा आहे, एवढें खास. इ. स. ७११ मध्यें अरब व बर्बर सैन्य समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून स्पेनमध्यें उतरलें. तलवारीच्या मागोमाग तेथें नांगर आला, बियाणें आलें, रहाटगाडगें आलें. व्हॅलेन्सियाच्या सखल, दलदलीच्या किनाऱ्यावर पाटाचें पाणी खेळूं लागलें आणि दहाव्या शतकापर्यंत त्या देशांत भात चांगलाच रुजला.

याची साक्ष आजही स्पॅनिश भाषा देते. तांदळाला स्पॅनिशमध्यें ‘आरोस’ म्हणतात. तो अरबी ‘अर्-रुझ’. केशराला ‘आसाफ्रान’ म्हणतात. तें अरबी ‘अझ्-झाफरान’. तेलाला ‘आसेइते’ म्हणतात. तें अरबी ‘अझ्-झैत’. आणि ज्यावांचून यांतलें कांहींच पिकलें नसतें त्या पाटाला ‘आसेकिया’ म्हणतात. तोही अरबी ‘अस्-साकिया’. कांहीं शब्दांची वाट तर थेट आपल्या अंगणापर्यंत येते. साखरेला स्पॅनिशमध्यें ‘आसूकार’ म्हणतात, आणि अरबी ‘सुक्कर’मधून मागें गेलें म्हणजे आपली ‘शर्करा’ भेटते. संत्र्याचा ‘नारांखा’ हा शब्द फारसी-अरबी मार्गानें संस्कृत ‘नारंगा’पर्यंत पोहोंचतो. राजे बदलले, धर्म बदलले, ध्वज बदलले. पण स्वयंपाकघरांतले शब्द बदलावयास कोणाला सुचलें नाहीं, किंवा सुचलें तरी जमलें नाहीं.

पदार्थांची ही कथा झाली. आतां ते वाढणाऱ्या जागेची कथा पाहिली पाहिजे. जुन्या स्पेनमध्यें प्रवाशाला उतरावयास ‘फोंदा’ नांवाची जागा असे. हा शब्दही अरबी ‘फुंदुक’ म्हणजे सराई यापासूनच आलेला. रानावनांतील वाटांवर ‘व्हेंता’ नांवाचीं ठाणीं असत. तेथें छप्पर मिळे, चूल मिळे, जनावरांना वैरण मिळे. पण जेवण मिळेलच असा नियम नव्हता. प्रवाशानें शिधा बरोबर आणावा आणि तेथल्या चुलीवर शिजवून घ्यावा, अशी सर्रास वहिवाट. आपल्याकडील धर्मशाळांत उतरणाऱ्या यात्रेकरूंना हें वर्णन परकें वाटूं नये. सेर्व्हांतेस या ग्रंथकारानें १६०५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘डॉन क्विक्झोट’ या कादंबरींत अशीच एक सराई रंगविली आहे. वार शुक्रवार, म्हणून मांस नाहीं. खारवलेला मासा आहे, पण तो नीट भिजलेला नाहीं, नीट शिजलेलाही नाहीं. आणि भाकर काळी, कळकट. तरीही त्या वेड्या सरदाराला ती सराई राजवाडा वाटते व तें जेवण मेजवानी वाटते. जेवणाऱ्याचें मन तयार असेल तर जेवण कसें बदलतें, याचें इतकें मार्मिक चित्र क्वचितच सांपडेल.

पुढें शहरें वाढलीं आणि विकत जेवण देणारीं घरें निघालीं. माद्रिद शहरांत बोतीन या नांवाचें एक जुनें भोजनगृह आजही चालूं आहे. बोतीन हा मूळचा फ्रेंच स्वयंपाकी. तो आपल्या अस्तुरियस प्रांतांतील पत्नीसह माद्रिदला येऊन राहिला, आणि पत्नीच्या भाच्यानें १७२५ सालीं हें घर थाटलें. जगांतील सर्वांत जुनें चालूं भोजनगृह म्हणून त्याची नोंद झाली आहे. लाकडाच्या भट्टींत भाजलेलें डुकराचें पिलूं ही तेथली ख्याति. त्याच माद्रिदमध्यें १८३९ सालीं लार्दी नांवाचें दुसरें भोजनगृह निघालें. त्याचा मालकही फ्रान्समधून आलेला. पदार्थांची छापील यादी, ठरलेले भाव आणि प्रत्येक मंडळीला निराळें मेज, ही नवी शिस्त या घरानें माद्रिदकरांना लाविली. गंमत अशी, कीं स्पेनमधील ज्या भोजनगृहांकडे आज अस्सलपणाचा दाखला म्हणून बोट दाखवितात, त्यांच्या नांवांत आणि शिस्तींत परदेशी माणसांचा हात आहे.

आतां प्रत्यक्ष पंगतीकडे वळूं. व्हॅलेन्सिया शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा नांवाचें एक मोठें सरोवर आहे. मधें वाळूची चिंचोळी पट्टी, पलीकडे भूमध्य समुद्र, आणि सरोवराच्या सभोंवार दृष्टि पोहोंचेल तेथवर धानाचीं शेतें. सरोवरांतच एल पाल्मार नांवाचें कोळ्यांचें जुनें गांव आहे. आतां तें भाताच्या भोजनगृहांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें जेवावयास जाणाऱ्यानें प्रथम घड्याळाचें भान सोडावें लागतें. दुपारचें जेवण दोन वाजतां, कधीं तीन वाजतां. रात्रीचें नऊच्या अगोदर नाहींच. परक्या माणसाला हा आळस वाटतो; पण दोष माणसांचा नाहीं, घड्याळाचा आहे. १९४० सालीं स्पेननें आपलीं घड्याळें एक तास पुढें करून मध्य युरोपच्या वेळेशीं जुळविलीं, आणि तीं पुन्हां मागें आलींच नाहींत. त्यामुळें उन्हाळ्यांत व्हॅलेन्सियाला दोन वाजतात तेव्हां सूर्य नुकताच माथ्यावर आलेला असतो. सूर्याच्या हिशेबानें पाहिलें तर व्हॅलेन्सियाचा शेतकरी आणि गोठणगांवचा शेतकरी फारसे मागेंपुढें जेवत नाहींत.

आरंभीं लहान लहान बशा येतात. मुरविलेलीं ऑलिव्हचीं फळें, टोमॅटो चोळलेली भाजकी पावाची फांक, एखादी तळलेली मासोळी, डुकराच्या खारविलेल्या मांडीचे पातळ काप. या लहान बशांना ‘तापा’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ झांकण. शाकाहारी माणसानें येथें सावध असावें, कारण भाजीच्या म्हणून आलेल्या बशींतही त्या मांडीचे तुकडे निघतात.

मग मुख्य भात येतो. पाएया हें खरें पाहतां पदार्थाचें नांव नव्हे. तें भांड्याचें नांव आहे. रुंद, उथळ, दोन कानांची लोखंडी परात, तिला पाएया म्हणतात. तिच्यावरून भाताला तें नांव पडलें. शेतांत काम करणाऱ्या माणसांनीं दुपारीं बांधावर, संत्र्याच्या छाटलेल्या फांद्यांच्या जाळावर शिजवावयाचा हा भात. परातींत ऑलिव्हचें तेल तापवून त्यांत कोंबडीचे व सशाचे तुकडे तांबूस होईपर्यंत परततात. नंतर हिरव्या शेंगा व वालाच्या जातीचा मोठा पांढरा दाणा घालतात. मग किसलेला टोमॅटो, लाल मिरचीची गोडसर पूड, आणि पाणी. पाणी उकळून रसाला चव आली म्हणजे केशर, आणि कधीं गोगलगाय, कधीं रोझमेरीची एखादी डहाळी. सर्वांत शेवटीं तांदूळ. तो आखूड व जाड दाण्याचा असतो. सुटसुटीत राहण्यापेक्षां रस पिऊन घेणें हा त्याचा गुण. तांदूळ एकदां परातभर सारखा पसरला, कीं त्याला पुन्हां डाव लावावयाचा नाहीं. आपल्याकडे मसालेभाताला तांदूळ आधीं परततात; तेथें तो शेवटीं येतो आणि जेथें पडला तेथेंच शिजतो. सुमारें वीस मिनिटांत पाणी आटतें, आणि मग थोडी आंच वाढवून तळाशीं एक पातळ, कुरकुरीत थर धरूं देतात. त्या थराला ‘सोकारात’ म्हणतात, आणि त्यासाठीं मेजावर गोड भांडण होतें. मराठी घरांत हा थर अपरिचित नाहीं; आपण त्याला खरवड म्हणतों, आणि चुलीवरच्या भाताची खरवड कोणाच्या वांट्याला यावयाची यावरून आपल्याही घरांत भावंडांचीं भांडणें झालेलीं आहेत.

जेवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जुन्या चालीप्रमाणें परात मेजाच्या मध्यभागीं ठेवतात आणि सर्वजण लाकडी चमच्यांनीं तिच्यांतूनच खातात. उष्ट्याखरकट्याचा विचार करणाऱ्या माणसाला हें प्रथम रुचणार नाहीं. परंतु प्रत्येकानें आपल्या समोरचा त्रिकोणी भागच खावयाचा, शेजाऱ्याच्या हद्दींत चमचा न्यावयाचा नाहीं, असा कडक दंडक तेथें पाळतात. आपल्या पंगतींत पानाभोंवतीं रांगोळीची रेघ काढीत. तीच मर्यादा तेथें न काढतां असते. रात्रीं मात्र हा भात खात नाहींत; तो दुपारचा, आणि विशेषेंकरून रविवारीं साऱ्या कुटुंबाचा. व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक सरकारनें २०२१ सालीं या भाताला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत काय घालावें आणि काय घालूं नये यावरून तेथील लोक हमरीतुमरीवर येतात. मसालेदार डुकराचें सॉसेज घातलेला भात हा पाएयाच नव्हे, असें व्हॅलेन्सियाचा माणूस ठासून सांगतो.

परंतु अस्सलपणाचा हा अभिमान वाजवी असला तरी इतिहासाला तो पुरता मान्य होणारा नाहीं. या परातींत काय आहे? तांदूळ पूर्वेचा, तो व केशर अरबांनीं लाविलें, पाटही मुख्यतः त्यांनींच वाढविले. टोमॅटो आणि मिरची अमेरिकेचीं. १४९२ पूर्वीं तीं युरोपांत कोणीं पाहिलींही नव्हतीं. पांढरा मोठा दाणाही अमेरिकेचाच. मूळचें स्पेनचें असें त्यांत फार थोडें. तरीही तो भात स्पेनचाच आहे, यांतही शंका नाहीं. कारण तो तेथें घडला.

तो घडतांना जें सोसावें लागलें त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १४९२ सालीं ग्रनादा पडलें आणि त्याच वर्षीं यहुद्यांना स्पेनमधून हांकलून देण्यांत आलें. जे धर्म बदलून राहिले त्यांच्या स्वयंपाकघरावर इन्क्विझिशनची नजर बसली. शनिवारीं चूल पेटते कीं नाहीं, तळणीला तेल वापरतात कीं डुकराची चरबी, डुकराचें मांस पानांत घेतात कीं टाळतात, यांवरून माणसाचें अंतःकरण तपासलें जाई, आणि शेजाऱ्याची साक्ष पुरावा ठरे. ज्या देशांत तेलाचा वास हा गुन्ह्याचा माग ठरत होता, त्याच देशाचें ऑलिव्हचें तेल आज अभिमानाचा विषय झालें आहे! १६०९ पासून तिसऱ्या फिलिप राजानें मोरिस्को लोकांना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढलें. व्हॅलेन्सियाच्या राज्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोक अशा रीतीनें गेले. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. माणसें गेलीं, त्यांचे पाट, त्यांचे शब्द आणि त्यांचा तांदूळ मात्र राहिला.

मराठी माणसाला हा प्रकार केवळ परदेशची गोष्ट म्हणून ऐकतां येत नाहीं. आपल्या शेजारीं गोमंतकांत १५६० सालीं पोर्तुगिजांनीं इन्क्विझिशन स्थापन केलें आणि मधली थोडीं वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. १७३६ सालच्या जाहीरनाम्यांत हिंदु चालीरीतींची जी लांबलचक मनाई आहे, तिच्यांत भाताचाही समावेश आहे. भात अळणी शिजवून मीठ मागाहून वरून घेणें ही हिंदूंची रीत म्हणून ख्रिस्ती झालेल्यांना तशी मना केलेली होती. चिमूटभर मिठांत धर्म शोधणारी सत्ता आतां उरलेली नाहीं. गोमंतकांत भात मात्र दोन्ही घरांत शिजतो.

याच पोर्तुगिजांच्या गलबतांनीं अमेरिकेचें देणें आपल्या किनाऱ्यावर उतरविलें. ‘बटाटा’, ‘काजू’, ‘अननस’, ‘पाव’ हे शब्द पोर्तुगीज आहेत हें आतां सांगूनच पटतें. मिरचीनें तर असा कब्जा घेतला, कीं तिच्यावांचून आपले पूर्वज जेवत होते यावर विश्वास बसत नाहीं. नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची आज नांवाजलेली आहे, आणि विदर्भाच्या तिखटपणाला कोणी परदेशी म्हणणार नाहीं. स्पेनमध्यें हीच मिरची वाळवून, कांहीं ठिकाणीं धुरावर धरून, तिची गोडसर लाल पूड केली गेली. एकाच रोपट्यानें एके ठिकाणीं रंग दिला, दुसरीकडे झणका दिला.

अन्नाचें हें स्थलांतर जुन्या काळींच संपलें असें नाहीं. इटियाडोहच्या परिसरांत, गोठणगांवाजवळच, १९७२ सालीं तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग नांवाची वसाहत वसविण्यांत आली. बर्फाच्या देशांतून आलेल्या, सातूचें पीठ खाणाऱ्या त्या माणसांनीं धानाच्या मुलखांत संसार मांडला. त्यांच्या चुलीवर काय शिजतें आणि शेजारच्या गोंड, कोहळी, ढिवरांच्या चुलीवर काय शिजतें, हें दोनशें वर्षांनीं कोणी पाहिलें, तर त्यालाही तेथें कांहीं तरी नवें ‘अस्सल’ झालेलें दिसेल.

तेव्हां अस्सलपणा जिनसांच्या जन्मस्थानांत नाहीं. मग तो कोठें आहे? व्हॅलेन्सियाचा माणूस याचें उत्तर परातीकडे बोट दाखवून देतो. पण खरें उत्तर गांवच्या देवळापुढें दर गुरुवारीं मिळतें. १२३८ सालीं आरागॉनचा राजा पहिला हाइमे यानें व्हॅलेन्सिया जिंकलें, तेव्हां पाण्याच्या वांटपाची मुसलमानी अमदानींतील वहिवाट त्यानें मोडली नाहीं; पूर्वीं चालत आल्याप्रमाणें पुढें चालावें, असेंच ठरविलें. तूरिया नदीच्या पाटांवरील शेतकऱ्यांचें जलन्यायमंडळ आजही शहराच्या मुख्य ख्रिस्तमंदिराच्या ‘प्रेषितांच्या दारा’पुढें दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां बसतें. शेतकऱ्यांनींच निवडलेले आठ पंच काळे अंगरखे घालून वर्तुळाकार बसतात. चोपदार एकेका पाटाचें नांव पुकारून तक्रार आहे काय असें विचारतो. पाणी चोरल्याची, पाळी चुकविल्याची, पाट तुंबविल्याची फिर्याद असेल तर ती तेथेंच तोंडी चालते. वकील नाहीं, कागद नाहीं, अपील नाहीं. नदीच्या ज्या तीरावरील माणूस आरोपी असेल त्याच्या समोरच्या तीरावरील पंचानें कामकाज चालवावें, असा नियम आहे. २००९ सालीं युनेस्कोनें या पंचायतीला मानवजातीचा वारसा म्हणून नोंदलें. सरोवराभोंवतींच्या धानाला हूकार नदीचेंही पाणी लागतें आणि तेथील व्यवस्था वेगळी आहे. परंतु पाणी हा सर्वांचा ठेवा असून त्याचा हिशेब सर्वांसमक्ष द्यावयाचा, ही शिस्त त्या साऱ्या खोऱ्याच्या अंगवळणीं पडली आहे.

त्या पाण्यानें केवळ सुखच दिलें असें नव्हे. साचलेल्या पाण्याबरोबर हिंवताप आला. अठराव्या शतकाच्या शेवटीं काव्हानिल्येस नांवाच्या विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मोपदेशकानें, भातशेतीनें माणसें मरतात म्हणून ती आवरावी, असें कळकळीनें लिहिलें. ताटांतला भात कोणाच्या तरी अंगांतल्या कांप-तापाची किंमत मोजून आला होता, हें मेजावर बसणाऱ्यानें विसरूं नये.

आतां झाडीपट्टीकडे यावें. इटियाडोहचें धरण होण्यापूर्वीं कित्येक शतकें हा मुलूख तलावांवर जगला. चांद्याच्या गोंड राजांनीं तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालीं भिजणारी जमीन देण्याची चाल पाडली; अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. कोहळी समाजाचे लोक या विद्येंत निष्णात. कोठें पाळ घालावी, कोठें सांडवा सोडावा, तुडुमांतून पाणी कसें काढावें, हें ते नुसत्या नजरेनें सांगत. इटियाडोहच्याच तालुक्यांतील नवेगांव बांधाचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें परंपरा सांगते, आणि लोकांनीं त्याला देव करून पाळीवर बसविलें आहे. इंग्रजी अमदानींत मालगुजारी आली आणि या तलावांना ‘मालगुजारी तलाव’ हें नांव पडलें. मालगुजार सारेच पुण्यवान होते असें कोणी म्हणणार नाहीं. वेठबिगारीच्या कथा अजून गांवोगांवीं निघतात. परंतु पाळ फुटली तर आपलेंच धान बुडेल हें त्यालाही कळत होतें आणि रयतेलाही. म्हणून उन्हाळ्यांत गाळ निघे, पाळीवर माती पडे, आणि पाणी कोणाला केव्हां द्यावयाचें हें गांवांत ठरे.

१९५० सालच्या कायद्यानें मालगुजारी गेली, आणि १९५१ मध्यें तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हें न्यायाचेंच झालें. पण तिच्याबरोबर तलावाचा धनीही गेला, आणि त्याच्या जागीं गांव बसावयास पाहिजे होतें तें बसलें नाहीं. तलाव सर्वांचा झाला, म्हणजे कोणाचाच राहिला नाहीं. गाळ सांचला, सांडवे ढासळले, तळाशीं बेशरमाची झाडी माजली. देशी पाणवनस्पती गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ढिवरांची मासोळीही गेली. व्हॅलेन्सियांत माणसें हांकलून दिलीं तरी व्यवस्था टिकली. झाडीपट्टींत माणसें राहिलीं आणि व्यवस्था मोडली. दोन इतिहासांतील हा फरक मोठा बोधप्रद आहे. अलीकडे मात्र गोंदिया-भंडारा भागांतील कांहीं तलावांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनींच बेशरम उपटून काढलें, देशी वनस्पती पुन्हां लाविल्या, आणि गेलेली मासोळी परत आणण्याची खटपट चालविली आहे. कोणाच्या हुकमाची वाट न पाहतां हातीं घेतलेलें हें काम लहान असलें तरी मूळ दुखण्यावरचें आहे.

इटियाडोहसारखें धरण हें मोठें कार्य खरें. पण धरण पाणी सांठवितें, तें वांटीत नाहीं. वांटण्याचें काम माणसांनींच करावयाचें असतें. कालव्याच्या तोंडाशीं असलेल्या बांध्या तुडुंब भराव्या आणि शेवटच्या टोकाचे पऱ्हे उन्हांत पिवळे पडावे, हें ज्या गांवांत घडतें तेथें कमी असतें तें पाणी नव्हे. गुरुवारची पंचायत कमी असते.

शहरांतल्या मेजावर केशरी भाताची परात येते, तेव्हां तिची चव घ्यावी, खरवडीसाठीं भांडावें, आणि आनंदानें उठावें. त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र ती अस्सल आहे कीं नाहीं हें ठरवितांना केशर किती घातलें एवढेंच विचारून भागणार नाहीं. ज्या पाण्यावर तो तांदूळ वाढला तें पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोंचलें काय, हेंही विचारावें. व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्यांनीं हा प्रश्न आठ शतकांहून अधिक काळ दर आठवड्याला एकमेकांना विचारला, म्हणून त्यांचा भात त्यांचा झाला. रोवणीच्या दिवसांत गाढवीच्या खोऱ्यांतील गांवांनीं तोच प्रश्न आपसांत विचारावयास आरंभ केला, तर झाडीपट्टीच्या भाताला कोणाच्या दाखल्याची गरज पडणार नाहीं.